टाकीमागची अबोली

५ एप्रिल २००१, गुरुवार

गोळी घेतली.

डॉक्टरने सांगितलंय, आजी, ब्लडप्रेशरची गोळी घेतली की लिहून ठेवत जा. म्हणून लेकाने, दिनेशने, त्याच्या कंपनीची डायरी आणून दिली. पानभर जागा आणि लिहायचे दोन शब्द. उरलेलं पान कोरं सोडायला मी काही साहेबाची बायको नाही. तिसरीपर्यंत शिकले, चौथीत म्हशी राखायला गेले, पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे.

आज सोसायटीची मीटिंग झाली. पाण्याच्या टाकीमागे मातीची पट्टी आहे, वीस हात लांब, चार हात रुंद. तिच्यावर सिमेंटचे ब्लॉक बसवायचे म्हणतात. दोन मोटारी उभ्या राहतील. चेअरमन देवरे उभा राहून सांगत होता, तिथे नुसता कचरा साचतो. माझ्याहून सात वर्षांनी लहान, तरी मला आजी म्हणतो.

कळवण सोडून लेकाच्या फ्लॅटमध्ये आले त्याला दोन वर्षं झाली. या अख्ख्या कॉलनीत कुदळ घालता येईल अशी तेवढीच जागा. बाकी सगळी फरशी. मी बायकांच्या रांगेतून उठले. म्हटलं, कचरा माती करते का माणसं करतात? तुमच्याच मजल्यांवरून भेंडीची देठं पडतात. लोक हसले. देवरेला हसणं झोंबलं. म्हणाला, मग तुम्ही काय करणार तिथं? तोंडातून निघून गेलं, फुलझाडं लावीन, बी टाकून, कायमची. तो म्हणाला, बरं, दसऱ्यापर्यंत पट्टीवर फुलं दिसली तर पट्टी राहील, नाही तर दुसऱ्या दिवशी ब्लॉक. मी ते त्याला रजिस्टरात लिहायला लावलं.

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. यंदा आश्विन अधिक आहे. धोंड्याचा महिना. दसरा पार ऑक्टोबरच्या सव्वीसला. सरकारी कागदात हयात गेली देवरेची, पण भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं नाही.

११ एप्रिल, बुधवार

गोळी घेतली.

दिनेश म्हणाला, आई, नर्सरीतून झेंडूची रोपं आणून देतो, काम संपलं. झेंडू दिवाळीनंतर वाळून जातो, आणि मग देवरे पुन्हा फूटपट्टी घेऊन हजर. मला एकदा लावलं की वर्षानुवर्षं न हलणारं झाड हवं. अबोली. माझी भावजय चतुराबाई कळवणला असते, तिच्या विहिरीजवळ अबोलीचा ताटवा आहे. तिला फोन केला. तिने एसटीच्या कंडक्टरबरोबर रुमालात बांधून वाळलेले तुरे पाठवले, बोंडांसकट. वर निरोप, पाणी लागू देऊ नका. मला शिकवते. तो ताटवा मी लावलेला आहे, ती त्या घरात यायच्या आधी.

१४ एप्रिल, शनिवार

अबोलीच्या वाळलेल्या बोंडाला पाणी लागलं की ते तडकतं आणि बी दहा हात लांब उडतं. म्हणून बोंडं फडक्यात बांधायची आणि मग वरून पाणी शिंपडायचं. आमच्याकडे एवढं चार वर्षांच्या पोरीला कळतं.

मी बोंडं सुपात घालून गॅलरीत उन्हाला ठेवली. तृप्ती, म्हणजे सूनबाई, पाइप घेऊन कूलरमध्ये पाणी भरायला आली. पाइप सटकला आणि पाणी थेट सुपात. मग जी तडतड सुरू झाली. नात वेदिका ओरडायला लागली, फटाके, फटाके. बी माझ्या केसांत, वरणाच्या पातेल्यात, कठड्याबाहेर. खाली तळमजल्यावर देवरेची बायको यशोदाबाई तांदूळ निवडत बसली होती. ती वर बघून म्हणाली, "तानुबाई, वरून काय टाकताय?"

मी म्हटलं, "तुमचं नशीब."

तृप्ती दीड तास गुडघ्यांवर बसून बी वेचत होती. एकसष्ट मिळाली. चुकल्यावर वेचायलाच पाहिजे. ती म्हणते की कूलर आधीपासून तिथेच होता, सूप मी नंतर आणून ठेवलं. असेल.

या गडबडीत गोळी राहिली.

२ मे, बुधवार

गोळी घेतली.

पंधरा दिवस पट्टी खणण्यात गेले. वॉचमन हिरामण पेठ तालुक्यातला आहे, त्याच्या हाताला कुदळीची सवय आहे. मातीतून विटा निघाल्या, बाटल्या निघाल्या, एक बाईची चप्पल निघाली. हिरामण म्हणाला, दुसरी पण याच्यातच असंल, खालपर्यंत जाऊ का? त्याला म्हटलं, सासर सोडून पळाली असेल एका पायात चप्पल घालून, राहू दे तिला. दिनेशने स्कूटरवर शेणखताची दोन पोती आणून दिली. पोती टाकली आणि निघून गेला.

आज बी टाकलं. अर्ध्या पेरापेक्षा खोल नाही, वर राख आणि बारीक माती, त्यावर भिजलेलं पोतं. पाणी डब्याला भोकं पाडून त्यातून.

२५ मे, शुक्रवार

तेवीस दिवस झाले. काही नाही. माती नुसती माझ्या तोंडाकडे बघते.

देवरे रोज सकाळी काठी फिरवत फिरायला जातो आणि विचारतो, काय आजी, दसरा आला का? सगळा दिवस कडू होतो. झेंडू लावला असता तर आता हातभर झाला असता. हे दिनेशला बोलून दाखवायचं नाही.

आणखी एक. मी सकाळी पाणी घालायला जाते तेव्हा पोतं आधीच ओलं असतं. हिरामणला विचारलं, तो म्हणतो मी न्हाई. टाकी गळत असणार. तृप्ती सकाळी दूध घेऊन वर आली तर पायाला चिखल. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या नाशकात तुला चिखल सापडतो कुठे, पाय धुऊन घरात ये.

दुपारी यशोदाबाई आली. विचारते कशी, अबोली उगवताना पान कसं असतं हो? मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय, उपटायचंय? ती गेली. नवऱ्याने पाठवली असणार.

२९ मे, मंगळवार

उगवली. अकरा. नखाएवढी दोन-दोन पानं, गोल, गडद. दोनदा मोजली, वेदिकाला बोलावून तिसऱ्यांदा मोजून घेतली, कारण मोतीबिंदूमुळे मला कधी एकाची दोन दिसतात. अकराच.

गोळी घेतली की नाही ते आठवत नाही.

८ जुलै, रविवार

गोळी घेतली.

एकंदर चौतीस रोपं धरली. पाऊस लागल्यावर ओळीने लावून घेतली, वीत-वीत अंतरावर. देवरे छत्री घेऊन आला आणि बघून म्हणाला, हे गवत आहे का? सरकारी पेन्शन खाऊन माणसाला एवढंही कळू नये.

२० ऑगस्ट, सोमवार

गोळी घेतली.

उद्या हरतालिका. सोळा प्रकारची पत्री लागते. आमच्या वेळी पोरी रानात जायच्या, इथल्या पोरी बाजारातून दहा रुपयांची पुडी आणतात आणि तिच्यात सोळापैकी सहा पानं असतात. वेदिका आणि तिच्या मैत्रिणींना खाली गोळा केलं आणि सांगितलं, पत्री विकत घ्यायची नसते आणि कुणाला विचारायचंही नसतं. दिसली की खुडायची. विचारून आणलेली पत्री देवीला चालत नाही. माझी आई असं म्हणायची. म्हणायची असं मला वाटतं.

पोरींना पहिल्यांदा नेलं ते देवरेच्या दारात. त्याच्या क्रोटनच्या कुंड्या आहेत ओळीने, लाल-पिवळ्या पानांच्या, रोज फडक्याने पुसतो. क्रोटन पत्रीत नसतं हे मला माहीत आहे. तरी पोरींना म्हटलं, तोडा. यशोदाबाई खुर्चीवर घेवड्याच्या शिरा काढत बसली होती, तोंडातून एक शब्द काढला नाही. क्रोटन बोडके झाले. मागच्या एका कुंडीत कसलंतरी हिरवं माजलं होतं, तिकडे वेदिकाचा हात गेला तेव्हा मात्र बाई उठली. म्हणाली, "ते नको. ते राहू दे." सगळ्या कुंड्या लुटल्या गेल्या आणि ही तणकट वाचवते. कंजूष माणसांचं काही सांगता येत नाही.

२१ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी पट्टीवर गेले. चौतीसच्या चौतीस रोपांचे शेंडे खुडलेले. नुसत्या काड्या उभ्या.

माझ्या अंगाची लाही झाली. तशीच देवरेचं दार वाजवलं. तो टॉवेलवर बाहेर आला, तोंडात ब्रश. म्हटलं, क्रोटनचा राग होता तर माझ्यावर काढायचा, समोर उभं राहून, चोरासारखी झाडं कशाला खुडायची? सगळा जिना दारात आला. त्याच्या तोंडात फेस, त्याला बोलताही येईना. यशोदाबाई मागे उभी होती. मी तिलाही सोडलं नाही. म्हटलं, तेव्हाच पान कसं असतं ते विचारून गेली होतीस.

दुपारी सगळ्या बायका हॉलमध्ये पूजेला बसल्या. मी विधवा, मला व्रत नाही, पण चूक-बरोबर सांगायला बसले होते. वाळूच्या पिंडीभोवती पत्रीचे ढीग. आणि प्रत्येक ढिगात गडद गोल पानांचा शेंडा. प्रत्येक. बी विंगमधल्या आठ-दहा जणी आदल्या संध्याकाळी अंधार पडताना पट्टीवर येऊन गेल्या होत्या.

मी विचारलं, कुणाला विचारून खुडलंत? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. वेदिका म्हणाली, "आजी, तूच म्हणालीस ना, पत्रीला विचारायचं नसतं."

दुसऱ्याला विचारायचं नसतं असं मी म्हटलं होतं. मला विचारायचं नाही असं कधी म्हटलं?  तृप्ती पटकन उठून बाहेर गेली. तिचे खांदे हलत होते. उपासाने तिला रडू लवकर येतं.

देवरेकडे माफी मागायला गेले नाही. त्याने तरी माझ्या रोपांना गवत म्हटलं त्याची माफी कुठे मागितली.

गोळी घेतली. दोन घेतल्या असत्या, तृप्तीने डबी काढून घेतली.

९ सप्टेंबर, रविवार

गोळी घेतली.

खुडल्या जागी दोन-दोन फांद्या फुटल्या. झाडं भरली आहेत, कात्री लावून केल्यासारखी. बी विंगच्या बायका येऊन बघतात आणि म्हणतात, बघा आजी, आमच्यामुळे. त्यांना हाकलून दिलं. शेंडा खुडला की फूल दीड-दोन महिने लांबतं हे त्यांना कोण सांगणार. धोंड्याचा महिना माझ्या पदरात पडला होता, तो या बायांनी देवीला वाहून टाकला.

२ ऑक्टोबर, मंगळवार

आज ते लिहिते जे लिहायचं नव्हतं.

दुपारी ब्लॉकवाल्याचा माणूस माप घ्यायला आला. त्याच्या हातात सोसायटीचा कागद होता, पार्किंगसाठी कोणी अर्ज केला त्याचा. वेदिकाला सुट्टी होती, अक्षर बारीक म्हणून तिला वाचायला सांगितलं. एक नाव देवरेच्या मुलाचं. ते मी धरूनच चालले होते. दुसरं नाव वाचताना पोर थांबली. मी म्हटलं, वाच. तिने वाचलं. तिच्या बापाचं. खाली सही, तारीख एप्रिलची तीन.

मीटिंगच्या दोन दिवस आधी. म्हणजे सही करून झाल्यावर त्याने शेणखताची पोती आणली.

जेवताना दिनेशने ताटातून मान वर केली नाही. मग म्हणाला, "आई, गाडीचं आधीच ठरलं होतं. मला वाटलं नव्हतं तू एवढं धरून बसशील."

मी म्हटलं, "मला तरी कुठे वाटलं होतं."

तृप्तीने ताट आपटलं. माझ्यावर का त्याच्यावर, विचारलं नाही.

गोळी घेतली नाही. खोटं लिहिणार नाही.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

गोळी घेतली.

आज नवमी. चौतीस झाडांना हिरवे तुरे आलेत, गव्हाच्या ओंबीसारखे. आठ-दहा दिवसांनी त्यांतून फूल निघेल. देवरेला आठ दिवस मागून घे असं तृप्ती म्हणाली. मी मागणार नाही. रजिस्टरात दसरा लिहिलाय, मी लिहायला लावलाय. शब्द फिरवला तर देवरेत आणि माझ्यात फरक काय राहिला.

हिरामणला तेलाचे रिकामे डबे गोळा करायला सांगितले. उद्या झाडं मी माझ्या हाताने उपटणार. ब्लॉकवाल्याचा हात त्यांना लागू देणार नाही.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार, दसरा

सकाळी सातला खुरपं घेऊन गेले. देवरे आणि कमिटीचे दोघे आधीच उभे होते, नवे कपडे घालून. देवरेने ओळीवरून एकदा नजर फिरवली. खोटं कशाला लिहू, त्याला आनंद झालेला दिसला नाही. म्हणाला, आजी, मी तरी काय करू. मी म्हटलं, बाजूला व्हा, मला बसायला जागा द्या. टोकाचं पहिलं झाड मुळासकट काढलं आणि डब्यात ठेवलं. तृप्ती मागे उभी होती. दिनेशही होता.

तेवढ्यात यशोदाबाई आली. दोन्ही हातांनी कुंडी पोटाशी धरलेली, धापा टाकत. तिने कुंडी माझ्यासमोर टेकवली. हातभर झाड, चार तुरे, चारही तुऱ्यांवर केशरी फुलं. मोतीबिंदू असला तरी तो रंग मला दिसतो. तो कळवणचा आहे.

देवरे म्हणाला, "हे काय?"

"अबोली," ती म्हणाली. "एप्रिलात वरून तडतड उडालं ना, तेव्हा तुमच्या क्रोटनच्या कुंडीत पडलं. मी वाढवलं."

देवरे घसा साफ करून म्हणाला, कुंडीतलं कसं चालेल, पट्टीवर हवं असं ठरलंय.  यशोदाबाईने माझ्या हातातलं खुरपं घेतलं, उलटं धरलं आणि कुंडीवर दोन घाव घातले. कुंडी दुभंगली. मातीचा गोळा तसाच उचलून माझ्या उपटलेल्या झाडाच्या खड्ड्यात बसवला, वर माती लोटली आणि पायाने दाबली. पायात दसऱ्याची नवी चप्पल होती.

"आता?" ती म्हणाली.

देवरे कमिटीकडे बघायला लागला. मग मागून दिनेश बोलला. "साहेब, पट्टीवर फुलं दिसली तर, एवढंच लिहिलंय. कुणी लावायची ते लिहिलेलं नाही. आणि माझं नाव अर्जातून काढा. मी गाडी रस्त्यावर लावीन."

देवरेने रजिस्टर काखेत मारलं आणि आपट्याची पानं आणायला जायचंय म्हणून निघून गेला.

लोकांना वाटलं असेल मी आता यशोदाबाईच्या गळ्यात पडणार. मला संताप आला होता. सहा महिने माझं बी हिच्या दारात, आणि मी इकडे मातीच्या तोंडाकडे बघत बसले. म्हटलं, सांगायला तोंड नव्हतं का?

ती म्हणाली, "पान कसं असतं ते विचारायला आलेच होते. तुम्ही म्हणालात, उपटायचंय का. मग म्हटलं, आधी वाढू दे."

म्हटलं, बी माझं होतं. ती म्हणाली, कुंडी माझी होती. म्हटलं, कुंडी तर फोडलीत. ती म्हणाली, "हो ना. म्हणून आता सगळं तुमचंच."

हरतालिकेच्या आदल्या दिवशी तिने "ते राहू दे" म्हटलं होतं ते हेच. मीच पोरीला त्याच्यावर घातलं होतं. हे तिने चारचौघांत काढलं नाही, आणि काढलं नाही म्हणून मला जास्त राग आला.

मग तिने आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून वाकून नमस्कार केला. मला द्यायला काही नव्हतं. फुलं खुडून तिच्या केसांत घालावी असं मनात आलं होतं. पण फुलं खुडली असती तर देवरे परत आला असता, फुलं कुठायत म्हणून. तिला तसं सांगितलं. ती हसत जिन्यावर बसली.

उपटलेलं झाड परत लावलं. गोळी संध्याकाळी घेतली. तृप्तीला आज पहाटे झारी घेऊन टाकीमागून येताना पाहिलं. टाकी गळत नव्हती तर. तिला काही म्हटलं नाही. पाय धुवायलाही सांगितलं नाही.

२३ डिसेंबर, रविवार

गोळी घेतली.

पट्टी केशरी झाली आहे. पस्तीस झाडं. बी विंगच्या बायका गजऱ्याला फुलं मागायला येतात. आता विचारतात.

यशोदाबाईच्या झाडावरचे तुरे वाळले. आम्ही दोघी बोंडं काढून सुपात घेऊन गच्चीवर गेलो. ती म्हणाली, फडक्यात बांधायची का? मी म्हटलं, नको. सूप कठड्यावर ठेवलं आणि तांब्याभर पाणी ओतलं. आता पडतील तिथे पडतील, चार मजल्यांच्या गॅलऱ्यांमध्ये, ज्याच्या त्याच्या कुंडीत.

तडतड सुरू झाली तेव्हा देवरे खाली क्रोटनपाशी खुर्ची टाकून ऊन खात बसला होता. तो डोकं झाडत वर बघून ओरडला, "आजी, वरून काय टाकताय?"

मी तोंड उघडायच्या आत यशोदाबाई कठड्यावरून वाकली. "तुमचं नशीब," म्हणाली.

ते माझं वाक्य होतं. विचारलंसुद्धा नाही.